ओव्हरक्लॉक फसलं, आता डिस्प्लेच येत नाही

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२०० मेगाहर्ट्झची आठ-आठ जीबीची दोन रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. ओव्हरक्लॉकसाठी, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेग मिळवायला, तुम्ही बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन सगळे कोअर ४.३ गिगाहर्ट्झवर नेले, व्होल्टेज १.४ दिलं. त्याच बैठकीत रॅम ३८०० वर आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारा मार्ग) १९०० वर चढवलं आणि सेव्ह करून बाहेर पडलात. तेव्हापासून पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळी. सेटिंग पुसली जावी म्हणून बोर्डावरचा छोटा सेल पाच मिनिटं काढून परत बसवला, फरक नाही. जवळच्या दुकानदाराने ‘प्रोसेसर उडाला’ सांगितलं. आता नुसता प्रोसेसर घ्यावा की बोर्डासकट सगळंच बदलावं, असं तुम्ही विचारताय.

आत्ता यातलं काहीच घेऊ नका. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट ओझरती आली आहे आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. सेल काढला तेव्हा माउसचा लाल दिवा लागलेला होता, असं तुम्ही लिहिलंय. ‘आर्थिंग मिळावं म्हणून वायर लावलेलीच ठेवा’ असं एका व्हिडिओत सांगितलं होतं, म्हणून तुम्ही वायर ठेवली आणि भिंतीवरचा स्विचही चालू ठेवला. मशीन बंद असलं तरी एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, बोर्डाला पाच व्होल्टची स्टँडबाय वीज देतच असतो. पॉवर बटण दाबल्यावर मशीन उठतं ते त्या विजेवर, आणि बंद मशीनच्या माउसचा दिवा लागतो तोही तिच्यावरच. ही वीज असेपर्यंत बोर्डाला सेलची गरजच पडत नाही. त्यामुळे सेल पाच मिनिटं काय, रात्रभर बाहेर ठेवला असता तरी तुमचे ४.३, १.४ आणि ३८०० हे आकडे जसेच्या तसे राहिले असते.

खरा प्रश्न प्रोसेसर जिवंत आहे की मेला हा नाही. बोर्ड तुम्ही दिलेले आकडे विसरलेलाच नाही आणि दर वेळी त्याच आकड्यांनी उठायला जाऊन अडकतोय, असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणतो, कारण बोर्ड समोर नाही. पण या लक्षणांची जी मशीन माझ्याकडे येतात त्यांत प्रोसेसर खरंच गेलेला क्वचित निघतो.

त्यामागचं कारणही सांगतो. १.४ व्होल्ट सगळ्या कोअरवर कायम ठेवणं या ७ नॅनोमीटरच्या प्रोसेसरला मानवणारं नाही, हे खरं. पण त्याने होणारं नुकसान सावकाश होतं, महिनोन्‌महिने वापरल्यावर. एका रीस्टार्टमध्ये प्रोसेसर राख होत नाही. तापमान हाताबाहेर गेलं तर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद पाडतो. शिवाय प्रोसेसरचा वेग थोडा जास्त झाला की मशीन बहुधा सुरू होतं, विंडोज उघडतं आणि गेम किंवा रेंडर लावला की निळा स्क्रीन येतो किंवा सगळं गोठतं. अगदी पहिल्या पायरीवरच डिस्प्ले न येणं हे लक्षण बहुतेक वेळा रॅमचं असतं. तुमच्या बाबतीत तर रॅमसोबत फॅब्रिकही १९०० वर आहे. या पिढीला अधिकृत पाठिंबा ३२०० पर्यंतच्या रॅमचा. रॅम ३६०० वर आणि फॅब्रिक १८०० वर हे बऱ्याच प्रोसेसरना जमतं. १९०० मात्र नशिबाचा भाग आहे. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर घेतले तर एक १९०० वर चालतो आणि दुसरा डिस्प्लेच देत नाही. तेव्हा तुम्हाला संशय ४.३ चा असला तरी मला तो १९०० चा आहे.

आता कामाला लागू. कॅबिनेट उघडण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघण्यात घालवा. मशीन चालू करून अर्ध्या-एक मिनिटाने कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर बोर्ड पुढे गेलेला आहे आणि अडचण फक्त चित्राची आहे. मग केबल ग्राफिक्स कार्डातच आहे ना ते बघा. तुमच्या रायझन ५ ३६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयला वायर लावून चित्राची वाट बघणं फुकट आहे. सेल काढताना कार्ड काढलं, परत लावताना वायर चुकून बोर्डात गेली, हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

नम लॉक मेलेलं असेल तर बोर्डावरचे चार छोटे दिवे शोधा. बहुतेक वेळा ते चोवीस पिनच्या कनेक्टरजवळ, उजव्या कडेला असतात. सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशी नावं शेजारी बारीक अक्षरात छापलेली असतात. सुरू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहतो तिथे गाडी अडली आहे. डीरॅमवर अडकली तर माझं वरचं म्हणणं पक्कं समजा. सीपीयूवर अडकली तरी लगेच घाबरू नका, फॅब्रिकची सेटिंग फसली की तोही दिवा लागून राहू शकतो. बोर्डावर हे दिवे नसतील तर छोटा बझर मिळतो तो स्पीकरच्या पिनांवर लावा आणि बीप ऐका. पंखे फिरतात याला मात्र फारसा अर्थ नाही. पंख्यांना बारा व्होल्ट मिळाले की ते फिरतात, प्रोसेसर सॉकेटमध्ये नसला तरी.

मशीन सेकंदभर चालू होऊन बंद, परत चालू, परत बंद असं करत असतं तर मी आधी एसएमपीएसकडे पाहिलं असतं. विजेचा खर्च वेगाच्या सरळ प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४.० वरून ४.३ आणि १.२५ वरून १.४ केलं तर वेग साडेसात टक्के वाढतो, पण वीज जवळपास ३५ टक्के जास्त लागते. ३६०० ची मूळ मर्यादा ८८ वॉट आहे, म्हणजे हिशेब १२० च्या घरात जातो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस अशा वेळी जीव टाकतो. तुमचे पंखे सलग फिरतायत, म्हणून ही शक्यता मी सध्या मागे ठेवतो.

आता सेटिंग खऱ्या अर्थाने कशी पुसायची ते. मशीन बंद करा आणि वायर एसएमपीएसमधून उपटून बाहेर काढा. एचडीएमआय, यूएसबी आणि नेटवर्कच्या वायरीही काढा. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब उलट्या बाजूने थोडी वीज सोडत राहतो, मॉनिटरही कधी कधी सोडतो, म्हणून हा सोपस्कार. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. पंखा क्षणभर हलून थांबेल किंवा आरजीबी दिवे एकदा चमकून विझतील. माउस परत लावून बघा, लाल दिवा नसेल तर आता बोर्डात वीज नाही. आर्थिंगचं म्हणाल तर अंगातली स्थिर वीज घालवायला कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला अधूनमधून हात लावत राहणं घरच्या कामाला पुरतं. फक्त गालिच्यावर बसून काम करू नका.

सेल बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो, तेव्हा कार्ड आधी काढावं लागेल. स्लॉटच्या टोकाचा खटका दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका. सेलच्या कडेला धातूची पट्टी असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो. स्क्रू ड्रायव्हर खाली घालून उचकटायला जाऊ नका, खालच्या बारीक ट्रॅकवर ओरखडा गेला तर बोर्डच जायचा. सेल बाहेर असतानाच क्लिअर सीमॉसच्या, म्हणजे सेटिंग पुसायच्या, दोन पिना शोधा. एसुसच्या बोर्डांवर सीएलआरटीसी, एमएसआयवर जेबॅट१, गिगाबाइटवर सीएलआर_सीमॉस आणि अ‍ॅसरॉकवर सीएलआरमॉस१ अशी नावं असतात, मॉडेलनुसार थोडा फरक पडतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन्ही पिनांना एकदम टेकवून दहा सेकंद धरा. हे करताना वायर बाहेरच हवी. चालू बोर्डावर शेजारची पिन चुकून टोचली गेली तर दुरुस्तीचा विषय संपतो आणि खरेदीचा सुरू होतो.

त्यानंतर पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये सेटिंग खरोखरच सेलवर जगणाऱ्या एका छोट्या मेमरीत राहायची. आजच्या बोर्डांवर बऱ्याचशा सेटिंग फ्लॅश चिपमध्ये असतात, त्यांना सेल लागत नाही. पण वीज पूर्ण गेली होती हे बोर्डाला कळलं की तो त्या सेटिंग बाजूला सारून मूळच्या उचलतो. तुम्हाला त्याला ‘वीज गेली होती’ एवढंच पटवायचं आहे, आणि वायर लावलेली ठेवल्यामुळे तेच झालं नाही. सेल जुना असेल तर याच वेळी नवा सीआर२०३२ टाका. अधिकची बाजू वर.

आता एकच रॅम लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्यात. लावण्याआधी तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कचरा फुंकण्याऐवजी कोरड्या ब्रशने झाडा. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात, एवढ्यानेच डिस्प्ले आलेली मशीन मी भरपूर पाहिली आहेत. कार्ड बसवा, त्याच्या पॉवरच्या वायरी लावा, मॉनिटर कार्डाला जोडा आणि मशीन सुरू करा.

यापुढे हात मागे बांधून बसा. पहिल्यांदा बोर्ड रॅम ओळखायला वेळ घेतो, स्वतःहून बंद होऊन दोन-तीनदा परत सुरू होऊ शकतो. लोक तिथेच धीर सोडतात, बटण दाबून बंद करतात आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तुमच्या डीडीआर४ ला एक-दोन मिनिटं फार झाली, तरी पाच मिनिटं द्या. हे वाचणाऱ्या कुणाकडे एएम५ (रायझनचं नंतरचं सॉकेट) आणि डीडीआर५ असेल तर तिथे सेटिंग पुसल्यानंतरची पहिली काळी स्क्रीन कित्येक मिनिटं टिकते आणि ते बिघाडाचं लक्षण नाही. लॅपटॉपवाल्यांनी यातलं काही करण्याआधी आतल्या मोठ्या बॅटरीचा कनेक्टरही काढायचा.

डिस्प्ले आला तर पहिल्या संदेशावर घाईने काही दाबू नका. या बोर्डांवर कधी कधी इंग्रजीत मजकूर येतो: नवा प्रोसेसर बसवला आहे किंवा एफटीपीएमची (किल्ल्या जपणाऱ्या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-कप्प्याची) माहिती बिघडली आहे, वाय दाबल्यास ती नव्याने सुरू होईल, एन दाबल्यास जुनी राहील. तुमच्या विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल आणि तुम्ही वाय दाबलंत तर ४८ अंकी रिकव्हरी की दिल्याशिवाय डिस्क उघडणार नाही. म्हणून एन दाबा. तरीही की मागितली तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते.

मग बायोसमध्ये जाऊन तारीख आणि वेळ नीट करा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची तक्रार करेल. ‘बूट डिव्हाइस नाही’ असं आलं तर विंडोज गेलं असं समजून फॉरमॅट मारू नका. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याचा) हा पर्याय आधी चालू होता की बंद हे आठवा आणि उलटा करून बघा, बूटचा क्रमही तपासा. एक दिवस सगळं मूळ सेटिंगवर चालवा. दुसरी रॅम लावून, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चा एक पूर्ण फेरा होऊ द्या, आणि विंडोजचं सिस्टिम फाइल चेकरही चालवा. फसलेल्या रॅम सेटिंगवर विंडोज एखाद-दोनदा जरी उघडलं असेल तरी डिस्कवर चुकीचा डेटा लिहिला गेलेला असू शकतो आणि त्याचा त्रास आठवड्याने जाणवतो.

परत ओव्हरक्लॉक करायचं का, हेही तुम्ही विचारणारच. रॅमचं एक्सएमपी (तिच्यात आधीच भरलेली वेगाची सेटिंग) लावून ३२०० वर आणा, त्याने फरक जाणवतो. प्रोसेसरला मात्र ठरावीक ४.३ वर बांधण्यात मला अर्थ दिसत नाही. तो एका कोअरच्या कामाला स्वतःहून ४.२ पर्यंत जातोच, आणि काम नसेल तेव्हा खाली येऊन थंड राहतो. त्यात सोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर असेल तर १२० वॉट त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत आणि ९५ अंशाची मर्यादा गाठायला वेळ लागणार नाही. करायचंच असेल तर एका वेळी एकच आकडा हलवा. तुम्ही चार एकदम हलवलेत, म्हणून आज नेमका कुणी दगा दिला हे सांगता येत नाही.

एवढं करूनही डिस्प्ले आला नाही तर दुसरी रॅम एकटी लावून बघा, मग स्लॉट बदलून. जमल्यास मित्राकडची साधी २४०० किंवा २६६६ ची रॅम आणून लावा. तेही फसलं तर बोर्डाच्या मागच्या पट्टीवर फ्लॅश बायोससारखं बटण आहे का पाहा. बी४५० च्या काही बोर्डांवरच ते आहे. असेल तर एफएटी३२ ने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर, कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलची आणि रिव्हिजनची फाइल, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव देऊन टाका. ठरलेल्या पोर्टात लावून बटण दाबा. दिवा लुकलुकायचा पूर्ण थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून यूपीएसवर करा. बटण नसेल तर बायोसची चिप बाहेरून प्रोग्रॅम करावी लागते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप बोर्ड दुरुस्त करणारे हे काम करतात. ते काम घरी मागवलेल्या स्वस्त प्रोग्रॅमरने करू नका. काही चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या, आणि नंबर न वाचता लावलं तर चिप जाते.

प्रोसेसर काढून बघणं मी अगदी शेवटी ठेवतो, त्याला कारण आहे. तुमच्यासारख्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात आणि वाळलेली थर्मल पेस्ट प्रोसेसर कूलरला घट्ट चिकटवून ठेवते. कूलर सरळ वर ओढला की खटका लागलेला असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, आणि चार पिना वाकतात. वायर काढून कूलरच्या बुडाला हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं गरम हवा द्या, स्क्रू सैल करा आणि कूलर डावी-उजवीकडे पिळत पिळत सुटा होऊ द्या. सहज फिरू लागला की मगच उचला.

शेवटी दुकानात न्यायची वेळ आलीच तर प्रोसेसर दुसऱ्या चालू बोर्डात लावून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आणि त्या बोर्डाचं बायोस कधीचं आहे तेही विचारा. जुन्या ए३२० किंवा बी३५० बोर्डावर २०१९ च्या आधीचं बायोस असेल तर धडधाकट ३६०० सुद्धा त्यावर डिस्प्ले देत नाही, आणि ‘उडाला’ हा निकाल बऱ्याचदा तिथेच लागलेला असतो. तुमच्या दुकानदाराने कुठल्या बोर्डावर तपासलं ते जमल्यास विचारून इथे कळवा. सोबत तुमच्या बोर्डाचं पूर्ण नाव, रिव्हिजन आणि चारपैकी कुठला दिवा लागून राहतो तेही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.